तिऱ्हाईत पाहिजे

"मी असा माणूस आणीन, की ज्याला ह्या इमारतीतलं मांजरसुद्धा ओळखत नसेल! नाही आणला तर सेक्रेटरीपद सोडीन, आणि माझी स्कूटर जन्मभर रस्त्यावर लावीन!"

हे वाक्य सयाजीराव इंगवले यांनी 'शेजार अपार्टमेंट'च्या वार्षिक सभेत, गच्चीवर, भर रविवारी, उभं राहून आणि बोट वर करून उच्चारलं. बोट वर करायची गरज नव्हती असं त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंचं मत आहे. पण एकतीस वर्षं हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून काढलेल्या माणसाला अपमान झाला की बोट वर करण्यापलीकडे दुसरं काही सुचत नाही.

अपमान तसा वर्षभर जुना होता. शेजार अपार्टमेंटमध्ये कुटुंबं अकरा आणि छपराखालच्या पार्किंगच्या जागा सात. त्यामुळे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात. गेल्या वर्षी चिठ्ठ्या काढल्या सेक्रेटरी म्हणून सयाजीरावांनी, आणि एक नंबरची जागा, म्हणजे जिन्यालगतची, जिथं ऊन नाही, पाऊस नाही, कबुतर नाही, ती निघाली सयाजी इंगवले यांच्याच नावाची. नशीब कुणाच्या हातात असतं? पण तेव्हापासून दादा जिन्यात भेटले की हसायचे. नुसते हसायचे, बोलायचे काही नाहीत. सोसायटीच्या पैशातून आयुष्यात कधी टाचणीसुद्धा घरी न नेलेल्या माणसाला ते हसणं किती झोंबत असेल, याची कल्पना ज्यांना कुणी हसलं नाही त्यांना यायची नाही.

दादा म्हणजे अमरसिंह खराडे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, इमारतीत दोन फ्लॅटचे मालक, आणि प्रत्येक सभेत 'माझा एक प्रश्न हाय' म्हणून उठणारे. याही सभेत ते उठले.

"माझा एक प्रश्न हाय. औंदा चिठ्ठ्या कोण काढणार? न्हाय, ज्येनं काढायच्या त्येचंच नाव निघतंय, म्हणून इच्यारलं."

लोक हसले आणि सयाजीरावांचं बोट वर गेलं.

आता बोट वर गेल्यावर ठराव झाला पाहिजे आणि ठराव म्हटलं की शब्द नेमका पाहिजे. चिठ्ठ्या काढणारा माणूस कसा असावा? सयाजीरावांनी 'अनोळखी' असं लिहिलं. समोरच्या फ्लॅटमधल्या नुजहत मुल्लाणी हायस्कुलात मराठी शिकवतात. त्यांनी लगेच हरकत घेतली.

"अनोळखी म्हणजे ज्याला आपण ओळखत नाही. पण तो आपल्यातल्या कुणाला ओळखत असला तर?"

"मग अपरिचित?"

"ते फार कवितेतलं वाटतं."

"परका लिहू?"

"नको बाई, परका नको," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "बिचाऱ्याच्या कानावर गेलं तर काय वाटेल त्याला?"

कुणीतरी 'नवखा' सुचवलं. त्यावर नुजहतबाईंचे यजमान नईमभाई, ज्यांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे, ते म्हणाले, "नवखा म्हंजे गिअर टाकताना आवाज करतो तो. तो नको." असे चार शब्द पडल्यावर 'तिऱ्हाईत' या शब्दावर सभा थांबली. ज्याचं ह्यात काही जात नाही आणि ज्याला ह्यातलं काही मिळत नाही, तो तिऱ्हाईत.

"तिऱ्हाईतच पायजे," दादा म्हणाले. "आन त्येचं प्रतिज्ञापत्र पायजे. नोटरीचं. की मी ह्यातल्या कुणालाबी वळखत न्हाय म्हणून. म्होरल्या रविवारी धा वाजता. जमतंय का बघा, सेक्रेटरीसाहेब."

सयाजीरावांनी हे सगळं स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं. त्यांना काम सोपं वाटलं. जगात माणसं इतकी, त्यातली आपल्या ओळखीची कितीशी? या हिशेबात एकच चूक होती. ते जगात राहत नव्हते, कोल्हापुरात राहत होते.

बाकीच्या गावांमध्ये अनोळखी माणूस दिसला की लोक त्याच्याकडे बघत नाहीत. कोल्हापुरात त्याला आधी 'पावणं' म्हणतात, मग विचारतात. पहिला प्रश्न, गाव कुठलं? दुसरा, तिथं कुणाच्यातलं? आणि तिसरा, मग अमका तुमचा कोण? तिसऱ्या प्रश्नाच्या पुढं कुणी सहसा टिकत नाही. माणसानं ह्या गावात अनोळखी राहायची कमाल मुदत साधारण चार मिनिटं आहे, आणि त्यात चहा यायला लागलेली दोन मिनिटं धरलेली आहेत. सयाजीराव तर या विद्येतले उस्ताद. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाचं त्यांनी ताक येईपर्यंत तीन पिढ्यांपर्यंत नातं लावून दिल्याची उदाहरणं आहेत.

सोमवारी सकाळी ते एसटी स्टँडवर गेले. स्टँडवर बाहेरगावची माणसं असतात, हा विचार चुकीचा नव्हता. एका बाकावर एक गृहस्थ पोतं पायात धरून बसले होते. चेहरा कधीही न पाहिलेला. सयाजीरावांना आनंद झाला. ते शेजारी टेकले आणि काम सांगण्याआधी, केवळ बोलायला सुरुवात करायची म्हणून, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पावणं, कुठलं गाव?"

"आजरा की."

"आजऱ्यात कुणाच्यातलं?"

"काजूवाल्या देसायांच्यातलं. जावई हाय मी त्येंचा. धाकटा."

सयाजीराव बाकावरून जवळजवळ घसरलेच. "अहो, आमच्या मंडळींची मावशी त्याच घरात दिलीय!"

"म्हंजे आमच्या सासूबाईच की त्या!"

दुपारी ते गृहस्थ सयाजीरावांच्या घरी जेवले. प्रमोदिनीबाईंना माहेरचं माणूस भेटल्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी श्रीखंड मागवलं. संध्याकाळी पोत्यातले काजू देऊन पाहुणे गेले. जाताना म्हणाले, "बरं झालं इच्यारलासा. नायतर वळख न व्हताच गेलो असतो." सयाजीरावांनी कपाळावर हात मारला, पण दार लावून घेतल्यावर.

"तुम्ही विचारूच नका ना गाव," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"असं कसं? माणसाशी बोलायचं आणि गाव विचारायचं नाही?"

नईमभाईंनी सल्ला दिला, की शहरात न शोधता बाहेर जावं. "हुपरीला जावा. चांदीवाल्यांना मान वर करायला सवड नसती, वळख कुठनं ठेवतील?" हा सल्ला त्यांनी इतक्या खात्रीनं दिला की सयाजीराव बुधवारी हुपरीला गेले. एका घरात पुढच्या खोलीत पैंजणांचं काम चाललं होतं. लालासाब नावाचे वयस्कर कारागीर मान खाली घालून एकेक घुंगरू जोडत होते. या वेळी सयाजीरावांनी जीभ आवरली. गाव विचारायचा प्रश्न नव्हता, गाव समोरच होतं. त्यांनी सरळ सांगितलं, रविवारी दहा वाजता फक्त अकरा चिठ्ठ्या काढायच्या आहेत, जाण्यायेण्याचं मी बघतो.

लालासाबनी चष्मा वर केला, बघितलं, आणि हातातला चिमटा खाली ठेवला. "इंगवले साहेब न्हवं? हायस्कुलातलं?"

"नाही," सयाजीराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतःला नाकारलं.

"न्हाय कसं? माझ्या कशिशचा स्कॉलरशिपचा फारम तुमी भरून दिलतासा! तारीख टळून गेलती, तरीबी तुमी हापिसात जाऊन बसलासा. ती नर्स झाली की आता! मलिका, अगं भाईर ये, कोण आलंय बघ!"

मलिकाभाभी बाहेर आल्या, शेजारचे आले, व्हिडिओ कॉलवर सांगलीहून कशिश आली. सयाजीरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एक तर कुणी इतकं लक्षात ठेवलं याचं, आणि दुसरं, हेही गेलं म्हणून. एकतीस वर्षं प्रामाणिकपणे नोकरी केल्याचे असे परिणाम होतील असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी जयसिंगपूरच्या बाजारात एक आणि रंकाळ्यावर फिरायला आलेले दोन असे तीन जण बघितले. एक त्यांच्या साडूंच्या वर्गातला निघाला. दुसऱ्याची मुलगी नुजहतबाईंची विद्यार्थिनी. तिसऱ्यानं तर सयाजीरावांना बघून लांबूनच हात केला. जिन्यात दादा भेटले. "मिळाला का तिऱ्हाईत?" त्यांनी विचारलं आणि हसले.

शुक्रवारी सकाळी सयाजीरावांनी राजीनामा टाइप करून घ्यायचं ठरवलं. हातानं लिहिलेला राजीनामा त्यांना रजेच्या अर्जासारखा वाटतो. कोर्टाच्या बाहेर झाडाखाली ज्ञानू नावाचा टायपिस्ट बसतो, त्याच्यासमोरच्या बाकावर ते नंबर लावून बसले. आधीच तिथं एक तिशीचा तरुण फाइल मांडीवर घेऊन बसला होता. थोड्या वेळानं तो त्यांच्याकडे वळला.

"काका, एक मदत करता का जी? तुम्ही मले ओळखता अशी एक सही कराल?"

सयाजीरावांनी त्याच्याकडे बघितलं. हे 'जी' आणि हे 'मले' कोल्हापूर जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्यातलं नव्हतं.

"पण मी तुम्हाला ओळखत नाही."

"तेच तं होऊन राहिलं," तरुण म्हणाला. "मोजणी खात्यात बदली होऊन आलो, पाच दिवस झाले. लॉजवर पडून आहो. खोली पाहाले गेलो का विचारतात, ओळख कोणाची? काल तं एका काकांनी दारातूनच सांगितलं, ओळख नाही त्याले खोली नाही. अन् दार लावून घेतलं. सर्टिफिकेट करून घेऊ म्हटलं, तं त्यालेही ओळखणारा लागते. मले इथं कोणीच नाही ओळखत जी."

"कुणीच?" सयाजीराव बाकावरून सरकून त्याच्याजवळ आले.

"कोणीच नाही."

"लांबचा नातेवाईक? वर्गमित्र? एखादी आत्या?"

"सारे तिकडं. हजार किलोमीटर."

सयाजीरावांनी त्या तरुणाचे दोन्ही हात हातात घेतले. कुठलं गाव, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर येऊन उभा होता. तो त्यांनी मोठ्या कष्टानं गिळला. "काही बोलू नका," ते म्हणाले. "नाव सांगू नका, गाव सांगू नका. तुम्ही जसे आहात तसेच मला रविवारपर्यंत पाहिजेत. रविवारी काम झालं की मी तुम्हाला ओळखतो. पाहिजे तिथं सही करतो. शब्द माझा."

ज्याला पाच दिवस ओळख नाही म्हणून हाकलून देत होते, त्याला ओळख नाही म्हणून कुणी मिठी मारावी, हे त्या तरुणाला जरा विचित्रच वाटलं. पण तो तयार झाला. ज्ञानूनं राजीनाम्याऐवजी प्रतिज्ञापत्र टाइप केलं. नाव-गावाचा मजकूर तो मोठ्यानं वाचून दाखवत होता तेवढा वेळ सयाजीराव दोन्ही कानांत बोटं घालून झाडाच्या पलीकडे उभे होते.

नोटरीकडे नवीच अडचण निघाली. वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं ह्यांना ओळखणाऱ्याची सही पाहिजे."

"साहेब, ह्यांना कुणी ओळखत नाही हेच तर लिहायचंय!"

"ते बरोबर. पण ज्यांना कुणी ओळखत नाही ते हेच, असं सांगायला ह्यांच्या ओळखीचं कुणीतरी पाहिजे."

"आणि ओळखीचं कुणी असतं तर आम्ही इथं आलो असतो का?"

"मग तुम्हीच करा की सही."

"मी केली तर मी ह्यांना ओळखतो असं होईल, आणि वरचं सगळं खोटं पडेल!"

वकीलसाहेबांनी थोडा विचार केला आणि हा मुद्दा आपल्याला नवीन आहे असं कबूल केलं. त्यांच्याकडे आधीच थांबलेल्या तीन पक्षकारांनी आपापली मतं मांडली, त्यात अर्धा तास गेला. शेवटी सोडवणूक केली झाडाखाली चहा विकणाऱ्या चिमणाबाईंनी. ग्लास गोळा करायला त्या आत आल्या आणि वाद ऐकून उभ्या राहिल्या.

"ह्या पोराला व्हय? मी वळखती की. सकाळधरनं चार चा प्याला. साखर कमी लागती त्येला. आन दर खेपंला ग्लास सोता आणून देतंय. आनि काय पायजे?"

एवढ्यावर वकीलसाहेबांचं समाधान झालं. चिमणाबाईंनी पदराला हात पुसून सही केली. सरकारी कागदावर इतकी खरी ओळख सयाजीरावांनी नोकरीत कधी पाहिली नव्हती.

रविवारी साडेनऊला ते त्या तरुणाला लॉजवरून स्कूटरवर घेऊन निघाले. मागं माणूस बसलाय आणि त्याच्याशी बोलायचं नाही, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याला असते कुणास ठाऊक. रंकाळा आला. पाहुणा मागं बसलाय आणि समोर रंकाळा आहे, आणि 'हा आमचा रंकाळा' एवढंसुद्धा सांगायचं नाही! सयाजीरावांनी दात आवळले आणि गाडी पुढं काढली. तरुण मात्र मागं म्हणाला, "केवढं मोठं पाणी आहे जी." सयाजीराव गप्प. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

गच्चीवर सगळे जमले होते. सयाजीरावांनी आदल्या रात्री दारोदार फिरून सूचना दिली होती, की येणाऱ्या माणसाला कुणी काही विचारायचं नाही, नमस्कारसुद्धा नाही. शेजार अपार्टमेंटच्या इतिहासात इतकी शांतता प्रथमच झाली. तरुण मधल्या खुर्चीवर बसला आणि अकरा घरची माणसं त्याच्या डोक्यावरून आभाळाकडे बघत राहिली. प्रमोदिनीबाईंना ते सहन होईना. त्या चहाचा कप घेऊन आल्या, स्टुलावर ठेवला आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करून म्हणाल्या, "हा चहा मी इथं ठेवलाय. कुणाला प्यायचा असेल त्यानं प्यावा. साखर कमी आहे."

तेवढ्यात दादा वर आले, आणि तो तरुण खुर्चीवरून उठला. "हे तं तेच काका!"

सभेत खळबळ उडाली. सयाजीरावांचा आठवडा वाया गेला, शब्द गेला, सगळं गेलं.

"वळखतंय व्हय ह्ये तुमाला, दादा?" नईमभाईंनी विचारलं.

"मी न्हाय वळखत!" दादा ओरडले. "फ्लॅट बघाय आलता गुरवारी. मी दारातच सांगिटलं, आमी तुमाला वळखत न्हाय. वळख न्हाय त्येला खोली न्हाय."

"मग झालंच की," नुजहतबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही ओळखत नाही हे तुम्हीच त्यांना तोंडावर सांगितलंय. ह्याच्याहून पक्कं प्रतिज्ञापत्र कुठलं?"

दादा खुर्चीवर बसले, पण तरुणाकडे बघायचं त्यांनी टाळलं.

स्टीलच्या डब्यात अकरा चिठ्ठ्या होत्या. डबा सगळ्यांनी हलवून घेतला. तरुणाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. पहिली चिठ्ठी एक नंबरच्या जागेची. त्यानं हात घातला, चिठ्ठी काढली. नुजहतबाईंनी उघडली आणि पुन्हा तिची घडी घालायला लागल्या.

"वाचा की मॅडम."

"सयाजी इंगवले," त्या म्हणाल्या.

गच्चीवर जे काही झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. चारपाच जण एकदम बोलायला लागले. दादा टाळ्या वाजवत उभे राहिले. "वा रं वा! आठ दिस हुडकून आणला आन पयली चिठ्ठी त्येचीच! ह्यो तुमचा मानूस हाय, सयाजीराव! कुटंतरी वळख हाय, ती मी काढतो भाईर!"

सयाजीरावांचं बोटसुद्धा वर गेलं नाही. आपण खरं वागलो तरी खोटे ठरतो, एवढंच त्यांना कळत होतं, आणि त्यांना मनापासून रडू येत होतं.

"इच्यारा! आता मोकळ्यानं इच्यारा समद्यांनी!" दादांनी फर्मान काढलं.

एवढा वेळ दाबून धरलेली इमारत एकदम सुटली. नाव काय? मोहित बिसेन. वडील काय करतात? शेती. आईचं माहेर? बायको? अजून नाही. कुणी मामा सांगली-साताऱ्याकडं नोकरीला? कुणी लष्करात? आजोळचं कुणी कुस्तीला इकडं आलेलं? प्रश्न अकरा घरांतून येत होते, आणि मोहित चहा पीत पीत प्रत्येकाला उत्तर देत होता. खरं तर त्याचा चेहरा फुलला होता. आठवडाभरात त्याला कुणी एवढं विचारलं नव्हतं. पाऊण तास खोदूनही सयाजीराव इंगवल्यांशी एक धागा लागेना.

"गाव कुठलं म्हणालासा?" दादांनी दमून विचारलं. खरं म्हणजे हा पहिला प्रश्न, पण आरोप शोधायच्या घाईत तो सगळ्यांचाच राहून गेला होता.

"गोंदिया जिल्हा जी. आमगावजवळ."

दादा जवळ आले. "आमगाव? मी हुतो तिथं. कालव्याच्या कामावर. शहाऐंशी साली. पयली पोस्टिंग माझी." मग हळूच म्हणाले, "तिथं बिसेन लई हाईत म्हणा. एक बिसेन गुरुजी हुते. रोज सकाळी पेटी वाजवायचे. त्येच्यातला एक सूर कायम बसकाच लागायचा."

"अजूनही तसाच लागते," मोहित म्हणाला. "आजोबा दुरुस्तच नाही करू देत."

दादांनी खुर्ची ओढली आणि ते त्याच्यासमोर बसले. गुरुवारपासून प्रथमच ते त्याच्याकडे नीट बघत होते.

"मला टायफाइड झालता रं तुमच्या घरात," ते म्हणाले. "तुझ्या आजीनं एकवीस दिस पेज पाजली मला. मी कोण, कुठला, कुणाच्यातला... बस चुकली म्हणून रातचं दार वाजवलं, तर गुरुजींनी कंदील वर केला आन म्हणाले, आत या. खोली हाय का म्हणून मी इच्यारलं. त्येंनी मला कायसुदिक इच्यारलं न्हाय. तीन वर्सं ऱ्हायलो. आन मी तुला दारातनं..."

प्रमोदिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मोहित उठून दादांच्या पाया पडला, आणि दादांनी त्याला उठवून जे धरलं ते सोडेनातच.

गप्प बसणं नईमभाईंच्या स्वभावात नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "पण मग आता हे तिऱ्हाईत ऱ्हायले न्हाईत की. वळख निघाली. ठरावाप्रमाणं पयली चिठ्ठी रद्द करायची का, सेक्रेटरीसाहेब?"

सयाजीरावांमधला हेडक्लार्क जागा झाला. नियम नियम असतो. "तसं बघितलं तर हो," ते खाल मानेनं म्हणाले. "रद्दच करावी लागेल."

"कोण करतंय रद्द?" दादा गरजले. "माझा पावणा हाय त्यो! त्येनं काढलेली चिठ्ठी खोटी म्हणणारा कोण हाय हितं? म्होरं या!"

कुणीच पुढं आलं नाही.

"काढ रं बाळ फुडच्या," दादा म्हणाले.

मोहितनं राहिलेल्या सहा जागांच्या चिठ्ठ्या काढल्या. त्यातली एकही दादांची नव्हती. दादांची गाडी यंदा रस्त्यावर. नईमभाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण दादाच आधी हसले, आणि ते हसणं जिन्यातल्यासारखं नव्हतं.

सयाजीरावांनी इतिवृत्त लिहायला घेतलं. 'पार्किंगच्या चिठ्ठ्या एका तिऱ्हाईत इसमाच्या हस्ते...' एवढं होतंय तोच दादांनी वहीवर पंजा ठेवला.

"तिऱ्हाईत कुणाला म्हणतासा? खोडा ते."

"दादा, तुम्हीच हा शब्द पाहिजे म्हणालात. ठरावात आहे."

"ठराव बदला. लिवा, गुरुजींच्या नातवाच्या हस्ते."

सयाजीरावांनी आयुष्यात प्रथमच इतिवृत्तात खाडाखोड केली. मग त्यांना शब्द आठवला. त्यांनी खिशातून पेन काढलंच होतं, ते मोहितपुढं धरलं. "आणा तुमचा कागद. ओळखणाऱ्याची सही करतो."

"तुमी ऱ्हावा बाजूला," दादांनी पेन काढून घेतलं. "माझा मान हाय त्यो. खोलीबी माझ्यातलीच देतोय मी त्येला." घरमालक म्हणून एक आणि ओळखणारा म्हणून एक, अशा दोन्ही सह्या त्यांनीच ठोकल्या. एकाच माणसानं दोन्हीकडं सही केलेली चालत नाही, हे सयाजीरावांना पक्कं माहीत होतं. पण खालच्या कोऱ्या जागेत त्यांनी आपलीही सही केली, मग नईमभाईंनी केली, मग नुजहतबाईंनी, आणि बघता बघता अकराही घरच्या सह्या झाल्या.

"आन सयाजीराव," दादा जाताना वळून म्हणाले, "गाडी लावा की एक नंबरला. मानूस नेक हाईसा तुमी. मी वर्सभर उगंच हसलो."

सयाजीराव खाली गेले. स्कूटर फाटकाबाहेर होती, ती ढकलत आत आणली आणि जिन्याजवळच्या जागेत सरळ उभी केली. वर बघितलं तर सगळ्या गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघत होती, मोहितसुद्धा. त्यांनी डिकीतून फडकं काढलं आणि स्वच्छच असलेली गाडी पुन्हा एकदा सावकाश पुसून काढली.